इस्त्रीच्या खाली काय?

आज मी तुमच्याशी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, तिला मराठीत धड नावसुद्धा नाही. इस्त्री करताना कपड्याच्या खाली आपण जे अंथरतो, ती ही वस्तू. कुणाकडे ती जुन्या सोलापुरी चादरीची घडी असते, कुणाकडे विरलेले ब्लँकेट, कुणाकडे वाया गेलेली गोधडी. आमच्या घरी तर 'ते इस्त्रीचं आण गं' एवढेच म्हणायची पद्धत होती. 'ते' म्हणजे काय, हे सगळ्यांना कळायचे.

शाळेत इतिहास शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. तह, लढाया आणि सनावळ्या मी मुलांकडून घोकून घेतल्या. पण या बिननावाच्या वस्तूलाही इतिहास असतो, हे मला निवृत्तीनंतर कळले. तेही एक चूक करून, आणि ती चूक दुसऱ्याच्या माथी मारून. म्हणून आधी ती हकीकत सांगते.

मी वर्सोव्याला राहते. दर गुरुवारी दुपारी आम्ही सात बायका माझ्या घरी जमतो आणि गोधड्या शिवतो. आमच्यातल्या एकीची आई वारली. तिच्या अकरा सुती साड्या मागे राहिल्या. दोन इरकली, एक नारायणपेठी, बाकीच्या गिरणीच्या साध्या. त्यांची एक गोधडी करून परदेशी निघालेल्या नातीला द्यायची, असे ठरले. नेहमीसारखी थरांवर थर घालून धावदोरा मारायची गोधडी नव्हे, तर चौकोनांची, सोंगट्यांच्या पटासारखी. बारा ओळी आणि दर ओळीत बारा तुकडे, म्हणजे एकशे चव्वेचाळीस चौकोन.

कापण्याचे काम आत्यांकडे होते. त्या कुणाच्या सख्ख्या आत्या नव्हेत. आमच्यात वयाने सर्वांत मोठ्या, म्हणून सगळ्या त्यांना आत्या म्हणतो. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या. त्यांनी दर तुकडा साडेपाच इंचांचा कापला. चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत गेला की पाच इंच उरतात. बारा पंचे साठ. प्रत्येक ओळ साठ इंच भरायला हवी, इतका हिशेब सरळ होता.

प्रत्यक्षात एक ओळ साठ भरली, दुसरी एकसष्ट, तिसरी साडेएकसष्ट. शेजारच्या ओळींचे कोपरे एकमेकांना भेटेनात. एका बाजूने ओढावे तर दुसरीकडे चुणी पडे. साड्या कापून झाल्या होत्या. गेलेल्या माणसाची साडी दुकानात पुन्हा मिळत नाही. खोलीत जरा वेळ कुणी बोलेना. मग आम्ही सगळ्यांनी आत्यांकडे पाहिले. मीच म्हटले, "आत्या, डोळे एकदा तपासून घेता का?" त्या काही बोलल्या नाहीत. कात्री पिशवीत घातली, चहा घेतला आणि गेल्या. पुढचे दोन गुरुवार त्या आल्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मी एकटीच उरलेले तुकडे निवडत बसले होते. डब्याच्या तळाशी चार तुकडे अजून इस्त्री न केलेले सापडले. सहज पट्टी लावली. चारही तुकडे नेमके साडेपाच इंच, इकडचा दोरा तिकडे नाही. मग इस्त्री केलेले तुकडे मोजले. काही साडेपाचच होते, पण पुष्कळसे साडेपाच इंच आणि एक सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बारा तुकड्यांचे बारा सूत, म्हणजे दीड इंच. साडेएकसष्टचे कोडे तिथेच सुटले. कापणाऱ्या हाताची चूक नव्हती. चूक इस्त्रीच्या टेबलावर झाली होती.

ते टेबल मी हौसेने आणले होते. घडीचे, वर जाड स्पंज आणि त्यावर चांदीच्या रंगाचे चकचकीत कापड. मी त्यावर बोट दाबून पाहिले. बोट अर्धे आत गेले. इस्त्री ठेवली की तिच्या वजनाने खाली खळगा पडत होता, जुने मऊ सुती कापड त्या खळग्यात उतरत होते आणि इस्त्रीचे टोक पुढे सरकताना त्याला बरोबर ओढत नेत होते. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर असेल तर थोडे, आणि शिंपी ज्याला क्रॉस म्हणतात तसे तिरके असेल तर जास्तच. शिवाय आम्ही सगळ्या आलटून पालटून इस्त्री करत होतो. कुणाचा हात हलका, कुणाचा जड, म्हणून प्रत्येक ओळीची लांबी वेगळी.

त्या दिवशी मी इस्त्रीच्या खाली काय आहे ते पहिल्यांदा नीट पाहिले. आणि शिक्षकी खोड गेली नसल्यामुळे मनात प्रश्न आला, की हे आले कुठून? पूर्वी लोक इस्त्रीच्या खाली काय घालत होते?

याचे सर्वांत जुने उत्तर मला एका चिनी चित्रात सापडले. अमेरिकेत बोस्टनच्या कलासंग्रहालयात रेशमावरची एक लांब चित्रगुंडाळी आहे. आठव्या शतकातल्या झांग श्वान या चित्रकाराच्या चित्रावरून बाराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेली ती प्रत आहे, आणि ती हुइझोंग या सम्राटाच्या नावावर सांगितली जाते. तिच्यात दरबारातल्या स्त्रिया नव्या विणलेल्या रेशमावर काम करताना दिसतात. शेवटी इस्त्रीचा प्रसंग आहे. दोघींनी कापडाची दोन टोके धरून ते हवेत ताणले आहे, आणि तिसरी निखारे भरलेले दांड्याचे भांडे त्यावरून फिरवते आहे. खाली ना टेबल, ना घडी. त्या दोघींचे हात हाच आधार. ताणलेल्या कापडाखाली एक लहान मुलगी मात्र खेळते आहे. खाली काय आहे ते बघण्याचे कुतूहल त्या चित्रात तिला एकटीला असावे!

आपल्याकडे गरम लोखंडाच्या आधी कापड बडवून सपाट करायची रीत होती. तिला कुंदी म्हणत. धुतलेले कापड घडी घालून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायचे आणि मोगरीने एकसारखे ठोकायचे. धागे चपटे होतात, कापडाला तकाकी येते. एखाद्याची कुंदी काढली, असे आपण मारहाणीबद्दल म्हणतो, ते त्यावरूनच. कुंदीला खाली मऊ काही चालत नाही. मोगरीचा मार मऊ अंथरुणाने गिळला, तर कापडाला काय उरणार?

आणि धुण्याचे काम परटाचे. गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत परीट होता, सुगीला धान्याच्या रूपाने त्याला मोबदला मिळे. कडक घडीच्या कपड्यांना आपण आजही परीटघडीचे कपडे म्हणतो. हे काम करणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर परीटघडी क्वचितच असे, ती गोष्ट वेगळी. इथे गाडगेबाबांची आठवण येते. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट समाजात जन्मलेल्या या माणसाने जन्मभर ठिगळांचे वस्त्र पांघरले, म्हणून कुठे त्यांना चिंधेबुवा म्हणत, तर कुठे गोधडे महाराज. ज्या समाजाने गावाची घडी सांभाळली, त्यातल्या सर्वांत थोर माणसाने स्वतःसाठी चिंध्या निवडल्या आणि हातात झाडू घेतला.

आता इस्त्री या शब्दाकडे येऊ. त्यासाठी मला माझ्या गच्चीवरूनही पुरावा दिसतो. वर्सोव्याच्या खाडीपलीकडे मढला एक किल्ला आहे. त्याला मढचा किल्ला म्हणतात, वेसाव्याचा किल्लाही म्हणतात. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सारा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि जवळजवळ दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत पाय रोवला, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत हा किल्लाही घेतला. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द इथेच राहिले. चावी, घमेले, बिजागरी, लिलाव, पगार हे शब्द त्यांच्याकडून आलेले. शिवणकामातले फीत आणि काज हे शब्दही तिकडचेच. आणि इस्त्रीसुद्धा. पोर्तुगीज भाषेत 'एस्तिरार' म्हणजे ताणणे, पसरणे. त्यावरून इस्त्री झाली असे मानतात.

म्हणजे पाहा, ताणणे हा इस्त्रीचा धर्म तिच्या नावातच लिहिलेला आहे. मी बत्तीस वर्षे मुलांना शब्दांचे मूळ सांगत आले, आणि माझ्याच घरात इस्त्रीने एकशे चव्वेचाळीस तुकडे ताणले, तेव्हा मी आत्यांच्या डोळ्यांना दोष दिला!

पोर्तुगीजांना आपल्याकडच्या रजयांचेही मोठे कौतुक होते. १५१६ च्या सुमारास लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझाने खंबायतच्या सुंदर रजयांचा उल्लेख केला आहे. बंगालमधल्या सातगावच्या बाजूला पोर्तुगीजांसाठी टसरच्या रेशमाने भरलेल्या रजया होत आणि त्या जहाजांतून युरोपात जात. अशा रजयांना ते कोल्चा म्हणत. त्यांतल्या काही अजून तिकडच्या संग्रहालयांत आहेत. पण याच व्यापाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून गोव्याला आणि पश्चिम किनाऱ्यावर आणली गेली. त्यांचे वंशज सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहतात. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, म्हणजे जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडीच. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेने शिवत मध्यापर्यंत येतात. तुकड्याची कड बोटाने दुमडायची, दाबायची आणि टाका घालायचा. इस्त्री नाही, पट्टी नाही. खाली फक्त स्वतःची मांडी किंवा जमीन. तुकडा जरा वाकडा असला तर पुढचा तुकडा त्याला सांभाळून घेतो. आमच्या पटाच्या गोधडीत ही सोय नाही. तिथे एकाने अंग पसरले की साऱ्या ओळीला सोसावे लागते.

आपल्या आज्यांच्या गोधडीलाही इस्त्री लागत नसे. जुने लुगडे धुऊन आधीच मऊ झालेले असे. ते जमिनीवर पसरायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या, चार कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे, तांबे असे काही जड ठेवायचे, आणि धावदोरा सुरू करायचा. घरात इस्त्री नसेच. शाळेत तपासणीला साहेब येणार असले की माझी आई पितळेच्या तांब्यात चुलीतले निखारे घालायची आणि फडक्याने त्याचा काठ धरून माझ्या फ्रॉकवरून फिरवायची. खाली चौघडी घातलेली गोधडी. गोधडीवर तांब्याच्या बुडाचे तपकिरी गोल उमटलेले मला अजून दिसतात. नाहीतर मग कपडे रात्री गादीखाली ठेवायचे. आपल्या झोपेचीच इस्त्री.

शहरात मात्र इस्त्री हा धंदा झाला. गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या, कोट-सदरे आले. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. कापड पूर्वीपेक्षा स्वस्त झाले, तसे ते कडक घडीत घालणारे लोकही वाढले. कोळशाची इस्त्री आली. पितळी किंवा बिडाची, मागे झाकणाची खटकी, बाजूला हवेची भोके आणि वर लाकडी मूठ. निखाऱ्यांसकट ती पाच-सहा किलो भरते. ज्याने ती दिवसभर चालवली, त्याला दाबावे लागत नाही, नुसती उचलावी आणि ठेवावी लागते. वजनच काम करते. म्हणूनच इस्त्रीवाल्याच्या टेबलावर स्पंज नसतो. लाकडाची फळी, तिच्यावर घट्ट ताणलेले एक-दोन पदरी कांबळे आणि वर सुती चादर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असेच एक टेबल आहे. मी त्या भाईंना मुद्दाम विचारले. त्यांनी हसून फळीवर दोन बोटे आपटून दाखवली. ठक् ठक् आवाज आला. तेच उत्तर.

मग हे मऊ टेबल आले कुठून? साहेबाच्या देशातही पूर्वी साध्या टेबलावर कांबळे आणि त्यावर चादर घालून इस्त्री होत असे. अमेरिकेत सारा बून नावाची एक शिवणकाम करणारी स्त्री होती. १८३२ च्या सुमारास ती गुलामगिरीत जन्मली. पुढे स्वतंत्र होऊन न्यू हेवन शहरात कपडे शिवून पोट भरू लागली. २६ एप्रिल १८९२ रोजी तिला इस्त्रीच्या फळीचे पेटंट मिळाले. तिची फळी अरुंद आणि बाकदार होती. का, तर स्त्रियांच्या कपड्यांच्या बाह्या आणि कमरेचा भाग तिच्यावर नीट चढावा म्हणून. त्याच्या दहा वर्षे आधी, १८८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या हेन्री सीली याने विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले होते. आपल्या उपनगरांत वीज पुरवणारी कंपनी १९२९ मध्ये निघाली, आणि पुढच्या काळात विजेची इस्त्री हळूहळू इथल्या घराघरांत पोचली.

हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. विजेची इस्त्री वजनाला हलकी. वजन गेले, त्याची जागा हाताच्या जोराने आणि वाफेने घेतली. आता ठेवून उचलण्याऐवजी आपण ती घासायला लागलो. शर्टाची बटणे, खिसे, दुहेरी शिलाई खाली दबून जाव्यात म्हणून खालची गादीही मऊ झाली. शर्टासाठी ते ठीकच आहे. बटण स्पंजमध्ये बुडते आणि आजूबाजूचे कापड सपाट होते. सारा बूनची फळी असो किंवा माझे चकचकीत टेबल, दोन्ही शिवून तयार झालेल्या कपड्यासाठी केलेली. शिलाई त्याला धरून ठेवते, ते सहजी ताणले जात नाही. गोधडीचा सुटा तुकडा मात्र चारी बाजूंनी मोकळा, त्याला धरून ठेवणारे कुणी नाही. त्याला जे काही धरायचे, ते खालच्या अंथरुणानेच. टेबल वाईट नव्हते. मी ते चुकीच्या कामाला लावले होते.

हे सगळे कळल्यावर मी आत्यांच्या घरी गेले. मनातल्या मनात दोन-तीनदा बोलणे घोकले होते. दार उघडल्यावर ते सगळे विसरले आणि म्हटले, "आत्या, तुकडे बरोबर होते. माझं टेबल चुकलं." त्या म्हणाल्या, "बाई, म्या पहिल्याच दिशी म्हनले हुते. हे लई मऊ हाय, कापड पळंल." मला आठवले. त्या खरेच म्हणाल्या होत्या. मी तेव्हा टेबलाची किंमत सांगण्यात गुंग होते.

त्यांनी मला आत बोलावले. खोलीत पलंगाखालून एक फळी काढली. तेव्हा मला त्यांची हकीकत कळली. इतकी वर्षे शेजारी बसून शिवत होतो, पण मी कधी विचारले नव्हते. त्यांचे यजमान परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतल्या हजारोंना पुन्हा कधी गिरणीचा भोंगा कामावर बोलवायला वाजला नाही. आत्यांचे यजमान त्यांतलेच एक. परळची खोली सोडून ही मंडळी वर्सोव्याला भावाच्या आधाराने आली. आणि आत्यांनी आजूबाजूच्या इमारतींतले कपडे घरी आणून इस्त्री करायला सुरुवात केली. चौदा वर्षे. दोन मुलांची शिक्षणे त्या फळीवर झाली.

फळी सागाची, एका बाजूला काळवंडलेली. तिच्यावर राखी रंगाचा एक जाड पट्टा खिळ्यांनी ठोकलेला. मला आधी वाटले, घोंगडीच आहे. त्या म्हणाल्या, "घोंगडं न्हाई, जेन हाय." घोंगडी माग लावून विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. जेन विणलेले नसते. मेंढीची लोकर पसरायची, तिच्यावर पाणी मारायचे आणि दाबून, मळून, लाटून तिचा एकजीव जाड थर करायचा. माणदेशात हे अंथरायला वापरतात. आत्यांच्या आईने लग्नात दिलेल्या जेनाचा तो तुकडा होता. त्याच्यावर मांजरपाटाचे कापड ताणून बसवलेले. ते यजमानांनी गिरणीतून आणलेले होते. संपाच्या आधीचे.

मी इथे थांबून थोडे कामाचे सांगते, कारण ऐकणाऱ्यांत शिवणाऱ्या पुष्कळ असतील. तुकड्यांच्या गोधडीसाठी इस्त्रीच्या खाली सर्वांत आधी कडक आणि सपाट पाया हवा, म्हणजे साधी लाकडी फळी. पण नुसती फळीही चालत नाही. तिच्यावर शिलाईची आतली दुमड वरून उमटते आणि चकाकणारा वळ पडतो. म्हणून फळीवर पातळ पण दाट असे लोकरीचे अंथरूण हवे. अस्सल लोकरीचे कांबळे दोन पदरी पुरते, त्याहून जास्त घडी नको. लोकर शिलाईला किंचित आत घेते, वाफेचा ओलावा शोषते आणि धरलेली ऊब खालून परत देते. त्यामुळे तुकडा दोन्ही बाजूंनी शेकला जातो. परदेशात हल्ली गोधडी करणाऱ्या बायका दाबलेल्या लोकरीची जाड चटई मुद्दाम विकत घेतात. ती पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आले, की आत्यांचे जेन ते हेच.

वर फक्त सुती कापड घालावे, पांढरे किंवा कोरे, आणि घालण्याआधी धुतलेले. खळ राहिली तर ती करपते आणि तुकड्याला डाग देते. चांदीच्या रंगाचे कापड उष्णता परतवते, पण वाफ खाली जाऊ देत नाही, मग तुकडा ओलसर राहतो आणि ओले कापड लवकर ताणते. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट गरम इस्त्रीखाली वितळू शकते, ते घेऊ नये. आपल्या दमट हवेत लोकरीचे अंथरूण पावसाळ्यात कुबट होते, कसर लागते, तेव्हा ते मधूनमधून उन्हात टाकावे. आम्ही वेसावकरांनी मात्र जागा बघून टाकावे. वलांडीवर बोंबील सुकत असतील आणि वारा तिकडून असेल, तर लोकर तो वास महिनाभर सोडत नाही! आणि शेवटचे, इस्त्री सरकवू नये. ठेवावी, चार आकडे मोजावे, उचलावी, पुढे ठेवावी.

आता आमच्या गोधडीचे काय झाले, ते सांगते. सगळ्या ओळी उसवल्या. त्यालाच तीन गुरुवार लागले. आत्यांनी ताणलेले तुकडे पाण्यात भिजवले, न पिळता फडक्यावर पसरून सावलीत वाळवले. सुती धागा भिजला की आपल्या मूळ जागी यायला बघतो. बहुतेक तुकडे परत आले. एकोणीस आले नाहीत, त्यांची जागा उरलेल्या पदरांतून काढली. सगळी इस्त्री सागाच्या फळीवर झाली, आणि ती आत्यांनी एकट्यांनी केली. बारा ओळी, दर ओळ साठ इंच. एक ओळ साठ आणि अर्धा सूत भरली. ती माझ्या शिलाईची चूक होती, आणि आत्यांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितली. मला ते बरे वाटले.

वर्गात मी मुलांना नेहमी विचारत असे, ही लढाई कुणामुळे हरली? मुले एखाद्या सरदाराचे नाव सांगत. जे नाव पुस्तकात दिसते तेच. दाणागोटा कुठून येत होता, पाऊस लांबला होता का, घोड्यांना वैरण होती का, हे कुणी सांगत नसे, आणि मीही फार विचारत नसे. माझ्या घरात दीड इंच वाढला, तेव्हा मीही समोर दिसणाऱ्या हातांकडेच पाहिले.

गोधडी नातीबरोबर परदेशी गेली. माझे चकचकीत टेबल अजून आहे, त्यावर यजमानांचे शर्ट उत्तम होतात. गुरुवारी मात्र फळी येते. आत्या ती रिक्षातून आणतात आणि संध्याकाळी परत नेतात. मी एकदा म्हटले, "आत्या, राहू द्या इथंच, उगाच ओझं." त्या म्हणाल्या, "नगं बाई. तुम्ही त्यावर शर्ट कराल."